पापांगीकार आणि निर्मळ विवेक

कैसरिया हे रोमन अमलाखालील यहूदिया प्रांताचे मुख्य ठाणे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सहाव्या दशकात तेथील सुभेदार फेलिक्स याच्यापुढे पौल नावाचा एक कैदी उभा करण्यात आला. यरुशलेमेहून प्रमुख याजक आपला वकील घेऊन आले होते. पौलाने ठिकठिकाणी दंगे माजविले आणि मंदिर विटाळण्याचा यत्न केला, असे त्यांचे आरोप होते. पौलाने दिलेले उत्तर 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात आले आहे. आरोपांचे निराकरण करता करता तो एक गोष्ट सहज सांगून जातो. देवाच्या आणि माणसांच्या संबंधात आपला विवेक निर्दोष राहावा म्हणून तो नित्य खटपट करीत असतो. येथे योजलेले मूळ ग्रीक क्रियापद अभ्यासाचे, तालमीचे आहे. पैलवान जसा रोज मेहनत करतो, तशी ही विवेकाची मेहनत.

हे म्हणणारा मनुष्य कोण होता, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. स्तेफनाला दगडमार करून ठार मारले गेले, तेव्हा मारेकऱ्यांनी आपली वस्त्रे ज्याच्या पायांशी ठेवली होती तो तरुण हाच. घरोघर शिरून ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना बंदिवासात घालणाराही हाच. अशा माणसाने निर्दोष विवेकाची भाषा करावी, हे प्रथमदर्शनी धाडसाचेच वाटते. परंतु कैसरियाला येण्याच्या थोडेच दिवस आधी यरुशलेमेत संतप्त जमावापुढे त्याने स्तेफनाच्या वधातील आपला भाग स्वतः होऊन, नाव घेऊन सांगितला होता. त्याच्या पूर्वायुष्यात डाग होता; पण तो झाकलेला नव्हता. ख्रिस्ती जीवनात निर्मळ विवेक म्हणजे कधी डाग न पडलेला विवेक नव्हे. तसा विवेक कोणत्याही मनुष्याच्या वाट्याला येत नाही. ज्यात काही दडवून ठेवलेले नाही तो निर्मळ विवेक, आणि तो तसा राखण्याचे साधन म्हणजे पापांगीकार. गोव्यात त्याला 'कुमसार' म्हणतात.

त्याच अध्यायात दुसरेही एक चित्र आहे, ते फेलिक्सचे. पौलाने नीतिमत्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी भाषण सुरू केले तेव्हा सुभेदार भयभीत झाला. त्याचा विवेक मेलेला नव्हता. पण त्याने पौलाला तूर्त जायला सांगितले. सवड मिळाली म्हणजे पुन्हा बोलावू, असे म्हटले. पुढे त्याने पौलाला पुष्कळ वेळा बोलावलेही. मात्र त्यामागे पौलाकडून काही लाच मिळेल ही आशा होती. अशी दोन वर्षे गेली आणि त्याची बदली झाली. कैदी तसाच तुरुंगात राहिला. टोचणी लागणे आणि विवेक निर्मळ होणे यांत केवढे अंतर आहे, हे या सुभेदाराच्या दोन वर्षांवरून समजते.

मराठीत या आंतरिक शक्तीला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. बरे आणि वाईट यांचा निवाडा करणारी बुद्धी, असा त्याचा अर्थ. पौलाच्या तोंडी जो ग्रीक शब्द आहे, त्याची घडण थोडी निराळी आहे. 'सोबतीने जाणणे' असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. मनुष्य जे करतो ते त्याच्याबरोबर आत कोणीतरी जाणत असते. विवेक हा प्रथम साक्षीदार असतो, मग न्यायाधीश. साक्षीदाराचा स्वभाव असा की त्याला बोलू दिले नाही तर तो अस्वस्थ होतो, आणि फार काळ गप्प बसविले तर त्याची साक्षच बिघडते. जनाची नाही तर मनाची तरी लाज धर, असे आपल्याकडे म्हणतात. पापांगीकारात या दोन्ही लाजा एकत्र येतात. मनाला जे ठाऊक आहे ते निदान एका जनापुढे तरी शब्दांनी मांडावे लागते.

शब्दांनी मांडणे इतके अवघड का असावे? याचे उत्तर दावीद राजाच्या कथेत मिळते. उरीया हा त्याचा निष्ठावंत सैनिक. राजाने त्याच्या पत्नीचा, बथशेबेचा, अभिलाष धरला आणि ते प्रकरण झाकण्यासाठी उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. नंतर तो निर्वेधपणे राज्य करीत राहिला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो आरोप घेऊन नव्हे, एक फिर्याद घेऊन. पुष्कळ मेंढरे असलेल्या एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरीब शेजाऱ्याची एकुलती एक मेंढी हिरावून कापली, एवढीच ती फिर्याद. दावीद संतापला. असा मनुष्य मरणास पात्र आहे, त्याने मेंढीच्या चौपट भरून द्यावे, असा निकाल त्याने तत्काळ दिला. मग नाथानाने त्याला सांगितले की तो मनुष्य दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे.

या कथेत राजाची न्यायबुद्धी शाबूत आहे, किंबहुना ती फार तीक्ष्ण आहे. फक्त ती दुसऱ्याच्या घराकडे वळलेली आहे. ती स्वतःकडे वळताच दावीद एका वाक्यात अपराध कबूल करतो. परिस्थिती, राज्याची निकड, त्या स्त्रीचे सौंदर्य, यांतील एकही सबब तो पुढे करीत नाही. बत्तिसावे आणि एकावन्नावे ही स्तोत्रे परंपरेने त्याच्या नावावर आहेत. मौन धरले असता हाडे कशी झिजत जातात, याचे वर्णन पहिल्या स्तोत्रात आहे. दडवलेले पाप शरीरालाही खाते, हे प्राचीन कवीला पुरते ठाऊक होते.

पापांगीकाराची रीत मात्र सर्व काळी एकसारखी नव्हती. पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा घोर पातकांसाठी मंडळीसमक्ष प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि ते आयुष्यात बहुधा एकदाच मिळे. थेस्सलनीका येथील कत्तलीबद्दल रोमन सम्राट थिओडोसियस यालाही 390 साली मिलानच्या अँब्रोझ बिशपांपुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. या कडकपणाचा परिणाम असा झाला की लोक प्रायश्चित्त मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. पुढे सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासी साधूंनी एकांतातील आणि पुनःपुन्हा करता येण्याजोगा पापांगीकार युरोपात रूढ केला. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून एकदा तरी आपल्या धर्मगुरूपाशी पापे सांगावीत, असा नियम केला. मधे जाळी असलेली लाकडी पेटी त्यानंतर बऱ्याच काळाने, सोळाव्या शतकात, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांच्या आग्रहाने प्रचारात आली. गोव्याच्या जुन्या चर्चांतून जे कोरीवकाम केलेले पापांगीकाराचे आसन दिसते त्याचे मूळ तेथे आहे.

रीतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. मनुष्य पापे सांगतो तेव्हा तो खरोखर काय सांगतो? याविषयीचा एक विलक्षण मार्मिक लेख गोव्याच्या इतिहासात सापडतो. फ्रान्सिस झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरले. सात वर्षांनी, 1549 साली, त्यांनी आपले सहकारी गास्पार बार्झेउस यांना इराणी आखाताच्या मुखाशी असलेल्या ऑर्मुझ बंदरावर पाठविले आणि तेथे कसे वागावे याविषयी एक विस्तृत सूचनापत्र दिले. ऑर्मुझ हे त्या काळी पोर्तुगिजांच्या ताब्यातील मोठे व्यापारी ठाणे. घोडे, मोती, रेशीम, मसाले यांची उलाढाल तेथे चाले, आणि त्या उलाढालीबरोबर सरकारी अंमलदारांची वरकमाईही.

झेवियर बार्झेउसांना बजावतात की, व्यापारी किंवा राजाचा अंमलदार पापांगीकाराला आला म्हणजे कोणाचे अन्यायाने घेतलेले काही परत करावयाचे आहे काय, असे मोघम विचारू नये. तसे विचारल्यास उत्तर ठरलेले, काही नाही. तो मनुष्य खोटे बोलत असतो असेही नव्हे. सर्वच जण करतात ते त्याला पाप वाटेनासे झालेले असते. रूढीच कायदा होऊन बसलेली असते. म्हणून तो माल कसा विकत घेतो, कसा विकतो, अधिकारपदापासून त्याला काय काय लाभ होतो, कोणाला आधी मालाची खरेदी करू देतो आणि कोणाला अडवून ठेवतो, असे बारकाईने विचारावे. उत्तरे ऐकता ऐकता कोणाचे किती देणे आहे ते आपोआप बाहेर येते.

या सूचनेला पावणेपाचशे वर्षे होऊन गेली. पण बाजारपेठेची, कचेरीची वा जमिनीच्या वाटणीची आजही ज्याला माहिती आहे त्याला ती शिळी वाटणार नाही. लोभी आहे, अशी कबुली देणे सोपे आहे. ती देताना मनुष्याला थोडे समाधानही वाटते, कारण सारे जगच लोभी आहे. अमक्या साली थोरल्या भावाच्या विधवेला तिच्या हिश्शाचा कागद न दाखविता तिचा अंगठा घेतला, हे सांगणे निराळे. त्या वाक्यात तारीख आहे, कागद आहे, आणि त्या दुसऱ्या बाईचा चेहरा आहे. मोघम पापांगीकार हा दडविण्याचाच एक सभ्य प्रकार आहे. झेवियरांनी तो ओळखला होता आणि तो व्यापाऱ्यांच्या मनात कसा तयार होतो तेही त्यांनी ओळखले होते.

नाव घेऊन सांगितल्याखेरीज परतफेड होत नाही, आणि परतफेडीखेरीज विवेक मोकळा होत नाही. कॅथॉलिक शिकवणुकीप्रमाणे मनापासून पश्चात्ताप, स्पष्ट निवेदन आणि केलेल्या हानीची शक्य तेवढी भरपाई ही तिन्ही पापांगीकाराची अंगे आहेत. चोरी कबूल केली आणि चोरीचा माल घरी ठेवला, तर धर्मगुरूच्या क्षमावचनाला आधारच उरत नाही. यरीहोचा जकातदार जक्कय याची गोष्ट प्रसिद्ध आहे. तो येशूला पाहण्यासाठी झाडावर चढला होता. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याचे काही फसवून घेतले असेल त्याला ते चौपट परत करण्याचे जाहीर केले. दाविदाने चौपटीचा निकाल दुसऱ्यावर दिला होता. जक्कयाने तोच स्वतःवर दिला. आणि हे त्याने एकांतात नव्हे, आपल्याच घरी जमलेल्या लोकांदेखत केले. उद्या त्यांतला कोणीही दारात येऊन आपली रक्कम मागू शकत होता.

रोज असा झाडा घ्यावा कसा? झेवियरांचे गुरू इग्नेशियस लोयोला यांच्या 'आत्मिक साधना' या पुस्तकाला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. त्यात एक अगदी व्यापारी वळणाची युक्ती आहे. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, मनाचा झाडा घ्यावा. वहीत प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढाव्यात आणि जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्यांवर द्यावेत. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा. वाण्याने रोजकीर्द लिहावी तसा हा प्रकार. भक्तिमार्गी मनाला तो रुक्ष वाटेल. पण त्यात एक शहाणपण आहे. एका वेळी एकच दोष घेतलेला आहे, सगळ्या पापांचा डोंगर नव्हे.

ही वही लिहायला सांगणारा मनुष्य हिशेबाच्या अतिरेकातूनही गेलेला होता, हे मुद्दाम सांगावयास हवे. 1522 साली मोन्सेरातच्या मठात तीन दिवस खपून, लिहून काढून, त्यांनी सबंध आयुष्यातील पापांचा अंगीकार केला. नंतर मान्रेसा येथे राहताना काहीतरी सांगावयाचे राहिलेच असावे, या शंकेने त्यांना घेरले. पुनःपुन्हा सांगूनही मन शांत होईना. आत्मघाताचे विचार येऊ लागले. अखेर जे एकदा सांगून झाले ते पुन्हा सांगावयाचे नाही, असा निश्चय त्यांनी केला तेव्हा ती पीडा सुटली. मार्टिन ल्यूथर एर्फुर्टच्या मठात असताना त्यांचीही अशीच अवस्था झाली होती. तासन्‌तास चालणाऱ्या त्यांच्या पापांगीकाराने त्यांचे वडीलधारी योहान फॉन श्टाउपित्झ कंटाळून जात. सतत शंकित असलेला विवेक हा निर्मळ विवेक नव्हे, तो आजारी विवेक होय. त्याला क्षमेवर विश्वास बसत नाही आणि तो आपल्याच अपराधांभोवती घिरट्या घालीत राहतो.

याच ल्यूथरांनी 1517 साली पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आवाज उठविला. त्यामुळे प्रॉटेस्टंट पंथांत पापांगीकार उरलाच नाही, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. खाजगी पापांगीकार ल्यूथरांनी स्वतः अखेरपर्यंत चालू ठेवला आणि 1530 च्या आउग्सबुर्ग येथील मतपत्रिकेतही त्याला जागा मिळाली. सक्ती तेवढी काढली. इंग्लंडच्या चर्चने उपासनेत सर्वांनी मिळून म्हणावयाचा पापांगीकार आणला. असा पापांगीकार एका सुरात म्हणता येतो हा त्याचा गुण, आणि एका सुरात म्हणता येतो हाच त्याचा धोका. हे ओळखूनच जॉन वेस्ली यांनी 1738 साली लहान लहान गटांचे नियम केले. दर आठवड्याला गटातील प्रत्येकाला, गेल्या बैठकीनंतर कोणकोणती पापे जाणूनबुजून घडली, असा प्रश्न विचारला जाई. मराठी मुलखात पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात 1905 च्या जून महिन्यात जी धार्मिक जागृती झाली, तिच्यातही प्रार्थनेइतकेच प्राधान्य मुलींनी आपल्या अपराधांच्या दिलेल्या उघड कबुलीला होते. तेथे जाळी नव्हती आणि धर्मगुरूही नव्हता.

ऐकणारा कोण आहे यावर पापांगीकाराचे पुष्कळ काही अवलंबून असते. यहूदा इस्कार्योत याच्या शेवटाकडे या दृष्टीने सहसा पाहिले जात नाही. त्याला विश्वासघाताचा पश्चात्ताप झाला होता. तीस रुपये घेऊन तो याजकांकडे परत गेला आणि एका निर्दोष मनुष्याला धरून देऊन पाप केले, असे त्याने त्यांना स्पष्ट सांगितले. पश्चात्ताप होता, नेमकी कबुली होती, पैशाची परतफेडही होती. परंतु ज्यांच्यापाशी हे सांगितले त्यांनी, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही, त्याचे त्याने पाहावे, असे म्हणून हात झटकले. नाणी मंदिरात फेकून तो निघून गेला आणि त्याने गळफास घेतला. वस्तुतः पापनिवेदन ऐकणे हेच ज्यांचे काम, त्या याजकांचा अपराधही या वृत्तान्तात नोंदलेला आहे. तो दिसतो फारच थोड्यांना.

पेत्राची हकीकत याच्या उलट. कोळशाच्या शेकोटीपाशी उभा राहून त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठी पुन्हा कोळशाचाच विस्तव होता, भाकरी होती, मासळी होती. येशूने त्या रात्रीचा उल्लेखही केला नाही. त्याच्यावर प्रीती आहे काय, एवढेच तीनदा विचारले आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची जबाबदारी सोपविली. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला, असे शुभवर्तमानकार लिहितो. न होऊन कसे चालेल? तिसऱ्या प्रश्नाने तिसरा नकार वर आला होता. पण तो आला न्याहारीनंतर, आपल्या माणसांत. येशूसंघाचे फ्रेंच धर्मगुरू एत्येन द ला क्रुआ यांनी या पेत्राचे चरित्र मराठी ओवीबद्ध पुराणाच्या रूपाने लिहिले आणि ते 1629 साली गोव्यात छापले गेले. फादर स्टीफन्सांच्या ख्रिस्तपुराणाइतके ते वाचले जात नाही; परंतु मराठी ओवीसाठी चुकलेला आणि सावरलेला शिष्य निवडला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ऐकणाऱ्याने मौन पाळलेच पाहिजे, हा नियम 1215 च्या परिषदेने जितका कडक केला तितका क्वचितच दुसरा एखादा केला असेल. पापांगीकारातील गोष्ट उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून मठात आजन्म प्रायश्चित्त भोगावयास लावावे, असे तेथे ठरले. आजच्या कॅथॉलिक कायद्यानुसारही असा भंग करणारा धर्मगुरू बहिष्कृत होतो. एवढी कडक तरतूद असण्याचे कारण उघड आहे. जो मनुष्य आपले अंतःकरण उघडतो तो त्या घटकेला सर्वथा असहाय असतो. 2018 साली केरळातील एका प्राचीन चर्चच्या काही धर्मगुरूंवर, एका विवाहितेने पापांगीकारात सांगितलेल्या गोष्टीचा धाक घालून तिचे शोषण केल्याचा आरोप झाला. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाच्या अध्यक्षांनी ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि निरनिराळ्या चर्चांनी तिला विरोध केला. प्रथा बंद केल्याने मनुष्याची सांगण्याची गरज संपणार नाही, हे खरे. परंतु ज्या स्त्रीच्या शब्दांचाच पाश केला जातो तिला हे तत्त्वज्ञान ऐकविणे क्रूरपणाचे आहे. ऐकणाऱ्याच्या गैरवर्तनाला चर्चमध्ये आणि न्यायालयात दोन्हीकडे जाब विचारला गेला, तरच या संस्काराची आब राहील.

गोव्यात हा विषय निघाला की आणखी एक आठवण टाळता येत नाही. 1560 साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधला थोडा काळ सोडता ते 1812 पर्यंत चालले. तेथेही कबुली मागितली जाई. पण ती अंधारकोठडीत, आरोप न सांगता आणि यातनांच्या भयाने. ऑर्मुझसाठी इतके शहाणे सूचनापत्र लिहिणाऱ्या झेवियरांनीच 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून पूर्वेकडे हे न्यायासन स्थापण्याची मागणी केली होती, हेही इतिहासात नमूद आहे. त्यांच्या एका पत्राचे कौतुक करताना दुसरे पत्र पेटीत ठेवून चालणार नाही. भयाने काढलेली कबुली विवेकाला स्पर्श करीत नाही. अशा वेळी मनुष्य स्वतःला जे ठाऊक आहे ते सांगत नाही, समोरच्याला जे ऐकावयाचे आहे ते सांगतो.

या न्यायासनाचा अंमल जोरात असतानाच, गोव्याच्या बाणावली गावी 1651 साली जन्मलेले जोझे वाझ हे धर्मगुरू वेगळ्या वाटेने निघाले. 1658 पर्यंत डचांनी श्रीलंकेतील पोर्तुगीज ठाणी जिंकून घेतली होती आणि कॅथॉलिक धर्मगुरूंना तेथे मज्जाव केला होता. तीसएक वर्षे तेथील कॅथॉलिकांना पापांगीकार ऐकणारा कोणी उरला नव्हता. घरात जपमाळ होती, प्रार्थना पाठ होत्या; सांगण्याजोगे बरेच काही साठले होते. 1687 साली वाझ मजुराच्या वेषात जाफन्याच्या किनाऱ्यावर उतरले. आपली माणसे ओळखावीत कशी? गळ्यात जपमाळ घालून ते भिकाऱ्यासारखे दारोदार हिंडू लागले. ती माळ पाहून ज्यांच्या डोळ्यांत ओळख दिसे त्यांच्या घरी ते पुन्हा जात. पुढे अंधार पडल्यावर, दारे लावून, लोक त्यांच्यापाशी एकेक करून येऊ लागले. पकडले जाण्याचे भय येणाऱ्यालाही होते आणि ऐकणाऱ्यालाही. बोलण्याची सक्ती मात्र कोणावरही नव्हती. नंतर कँडीच्या राजाने त्यांना हेर समजून कैदेत टाकले. सुटकेनंतर त्याच राज्यात राहून त्यांनी हे काम चालू ठेवले. 1696 पासून गोव्याचे इतर धर्मगुरूही त्यांच्या साहाय्याला येऊ लागले, आणि 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे वाझ वारले तेव्हा श्रीलंकेत पापांगीकार ऐकणारा माणूस शोधत हिंडण्याची पाळी कॅथॉलिकांवर उरली नव्हती.